खेळणे कोणाचे, मेळा कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'खेळणी' एवढेच सांगितले. त्यांची समजूत झाली की, मी बालशिक्षणावर बोलणार. मग मी खुलासा केला की, मला खेळण्यांच्या फिरत्या प्रदर्शनांविषयी आणि त्यांच्या मक्त्याविषयी बोलावयाचे आहे. तेव्हा ते क्षणभर गप्प झाले व म्हणाले, "विषय हलका तर होणार नाही ना?" मी त्यांना म्हटले, हलका झाला तर दोष माझा, विषयाचा नव्हे. माणसे ज्यावर पोटासाठी नव्हे तर केवळ प्रेमाने वेळ आणि पैसा खर्च करतात, त्या गोष्टीची व्यवस्था समाज कशी लावतो, हा प्रश्न काही हलका नाही.

आपल्या परिचयाच्या गोष्टीपासून आरंभ करू. दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात. दगडविटा रचायच्या, वर पोते टाकून माती थापायची, अळीव पेरायचे, सिंहासनावर महाराज बसवायचे आणि उतारावर मावळे मांडायचे. शेजारची आळी पाहावयास येते, कोणी बक्षीस देते, कोणी बुरूज चुकला म्हणून सांगते. आता अशी कल्पना करा की, एका वर्षी एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "या शहरात किल्ल्यांचे प्रदर्शन भरविण्याचा हक्क आता आमच्याकडे आहे. तुम्ही घरात खुशाल किल्ला करा. पण चौकात मांडू नका आणि मांडलाच तर त्याला रायगड म्हणू नका." आपण त्या गृहस्थांना वेड्यात काढू. रायगड कोणा एकाच्या मालकीचा नाही.

परंतु हीच गोष्ट कारखान्यात तयार झालेल्या खेळण्याबाबत घडली, तर उत्तर इतके सोपे राहत नाही. त्या खेळण्याचे नाव कोणीतरी पैसा ओतून लोकांच्या मनात रुजविलेले असते. त्या नावावर त्याचा कायदेशीर हक्क असतो आणि तो रास्तही असतो. मग त्या खेळण्यावर प्रेम करणाऱ्या माणसाचा हक्क कोणता? तो हक्क आहे तरी काय? हाच माझा आजचा प्रश्न.

हा प्रश्न माझ्या डोक्यात भरविला माझ्या भाच्याने. तो अमेरिकेत नोकरीला आहे. वय चाळिशीच्या घरात, दोन मुलांचा बाप. पण लहानपणचा खेळण्यांचा नाद सुटलेला नाही. तिकडे अशा माणसांची मंडळे असतात. त्याचे मंडळ दरवर्षी नाताळच्या सुट्टीत गावातील संग्रहालयाच्या दालनात चार टेबले मांडून आपापले संग्रह आणि स्वतः रचलेले देखावे लोकांना दाखवीत असे. तिकीट नाही, मोबदला नाही. माझ्या भाच्याच्या टेबलाला तर एक विशेष मान होता. जी. आय. जो नावाचे अमेरिकन सैनिकांचे एक प्रसिद्ध खेळणे आहे. ते एके काळी आपल्याकडेही होत असे. फनस्कूल या कंपनीने १९८०-९० च्या दशकांत परवाना घेऊन, अमेरिकेहून आलेल्या साच्यांतून ते येथे काढले. त्या कंपनीचा कारखाना गोव्यात. इकडे रंग थोडे वेगळे पडले, एखादे डोके भलत्याच धडावर बसले. आपल्या मुलांना त्याचे काही वाटले नाही. पण त्याच वेगळेपणामुळे हे भारतीय सैनिक अमेरिकेतील संग्राहकांना आज फार मोलाचे वाटतात. माझ्या बहिणीने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले ते सैनिक भाच्याने तिकडे नेले, आणि त्या टेबलापाशी परक्या देशातील माणसे त्याच्याशी तासन् तास बोलत उभी राहू लागली.

पुढे एका वर्षी त्या संग्रहालयात एक मोठे फिरते प्रदर्शन आले. एका नामांकित खेळण्याचे. अधिकृत, भव्य, तिकीट लावून. संग्रहालयाने मंडळाला नम्रपणे कळविले की, करारान्वये या काळात इमारतीत तशा प्रकारचे दुसरे काही मांडता येणार नाही. मंडळाने टेबले आवरली. माझा भाचा तिकीट काढून मुलांसह ते प्रदर्शन पाहून आला. दूरध्वनीवर मला म्हणाला, "मामा, प्रदर्शन उत्तम होते हो. खोटे कशाला बोलू? पण तिथे मला कोणी विचारले नाही की, तुझ्याजवळ काय आहे."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, आणि म्हणूनच आज मी आपल्यासमोर उभा आहे.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. नाहीतर आपण उगाच कोणाला तरी खलनायक ठरवू. खेळण्याचे नाव, त्यातील पात्रे, त्यांची चित्रे आणि कथा ही कंपनीची मालमत्ता असते. खेळणी करणे आणि विकणे हा कंपनीचा धंदा. पेटारे भरून गावोगाव प्रदर्शन फिरविणे हा नव्हे. म्हणून ती हा हक्क एखाद्या प्रदर्शन-व्यावसायिकाला काही वर्षांपुरता आणि ठराविक प्रदेशापुरता देते. तो कंपनीला बहुधा किमान रकमेची हमी देतो, आणि पुढे तिकिटे व माल यांच्या विक्रीवर टक्केवारीने स्वामित्वधन देतो. पुतळे, देखावे, दिवे, वाहतूक, विमा यांत त्याचे भांडवल आधीच अडकलेले असते. मग तो ते प्रदर्शन एकेका संग्रहालयाला किंवा सभागृहाला काही महिन्यांकरिता देतो. साहजिकच तो म्हणतो की, माझा करार चालू असेपर्यंत या नावाने दुसऱ्या कोणाला परवानगी देऊ नका. यालाच अनन्य परवाना म्हणतात. आपल्या जुन्या व्यवहारात याला 'मक्ता' हा नेमका शब्द आहे. बाजार-बैठकीचा मक्ता, होडीच्या उताराचा मक्ता, जत्रेतल्या पाळण्यांचा मक्ता आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत.

मक्ता ही मुळातच वाईट वस्तू आहे असे मी म्हणणार नाही. उतारावर एकच जबाबदार होडीवाला असला, तर होडी वेळेवर निघते आणि बुडाली तर कोणाला धरावयाचे ते कळते. दोष शिरतो तो वेगळ्या वाटेने. कंपनी मक्तेदाराला बांधून घेते, मक्तेदार सभागृहाला बांधून घेतो, आणि सभागृहाचा व्यवस्थापक धास्तीपोटी कागदात नसलेल्या गोष्टींनाही मनाई करतो. कंपनीच्या मूळ मालकांना चाहत्यांची चार टेबले उठवावयाची असतात असे नाही. त्यांना ती टेबले आहेत हेच ठाऊक नसते. करारात ज्याचे नाव नाही, तो माणूस अखेर दाराबाहेर राहतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ट्रान्सफॉर्मर्स हे नाव येथील तरुण मंडळींना चित्रपटांमुळे ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांसाठी सांगतो की, ही रूप पालटणारी खेळणी आहेत. हातात मोटार असते. तिचे भाग फिरविले की यंत्रमानव उभा राहतो. या खेळण्यांचा जन्म जपानचा. तेथील ताकारा या कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या नावांची खेळणी अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने घेतली आणि १९८४ साली नव्या नावाने विकावयास काढली. पण नुसत्या खेळण्याने मुले वेडी होत नाहीत. त्याला कथा लागते. ती कथा मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेत रचली गेली. तेथील संपादक जिम शूटर यांनी मूळ आराखडा केला आणि बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे व स्वभाव दिले. म्हणजे पाहा, एका खेळण्यात जपानी कारागिराचा हात, अमेरिकन व्यापाऱ्याचे भांडवल आणि लेखकाची कल्पना असे तीन वाटे आरंभीच आले.

चौथा वाटा मुलांचा. १९८६ साली या खेळण्यांवर चित्रपट निघाला आणि त्यात नायक ऑप्टिमस प्राइम याला मारून टाकण्यात आले. कारण उघड होते. जुनी खेळणी जाऊन नवी विकावयाची होती. पण चित्रपटगृहात मुले रडली. तक्रारी आल्या. १९८७ साली दूरचित्रवाणीवरील मालिकेत नायकाला पुन्हा जिवंत करावे लागले. कायद्याने तो नायक संपूर्णपणे कंपनीचा होता. तरी त्याचे मरण कंपनीला पचविता आले नाही. मालकी आणि आपलेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला त्या दिवशी मुलांनी शिकविले.

पुढे बहर ओसरला. १९९० नंतर ही खेळणी अमेरिकेच्या बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. काही वर्षांनी थोड्या निराळ्या नावाने ती परत आली. पण पहिला जोर राहिला नव्हता. नेमक्या अशा पडत्या काळात, १९९४ साली, इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी चाहत्यांनी एक मेळावा भरविला. त्याला बॉटकॉन असे नाव दिले. दुकानदार ज्या मालाकडे पाठ फिरवू लागले होते, त्याच्यासाठी माणसे मैलोगणती प्रवास करून आली. कंपनीनेही या मेळाव्यापुरते वेगळ्या रंगातले एक खेळणे दिले. मेळावा मग दरवर्षी गाव बदलत फिरू लागला. १९९५ साली डेटन, १९९७ साली रॉचेस्टर, १९९८ साली अनाहाइम. या फिरण्यामागे खजिना नव्हता. त्या त्या वर्षी पदरमोड करणारी, खुर्च्या उचलणारी, पाहुण्यांना विमानतळावरून आणणारी माणसे होती. १९९६ नंतर नव्या कथामालेने या खेळण्यांना पुन्हा दिवस आले. मधल्या दुष्काळात बियाणे कोणी जपले, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

बरे दिवस आले की व्यवस्था येते. मेळाव्याला कंपनीचा अधिकृत शिक्का मिळाला. २००३ व २००४ साली अधिकृत मेळावा वेगळ्या नावाने शिकागोच्या परिसरात भरला, आणि २००५ पासून जुन्या नावासह तो परवाना टेक्सासमधील एका प्रकाशनसंस्थेकडे गेला. या व्यवस्थेचे चांगले फळ आधी सांगतो. कंपनीचे आरेखनकार स्वतः येऊन चाहत्यांशी बोलू लागले. नवी खेळणी प्रथम तेथे दिसू लागली. नायकाला आवाज देणारे पीटर कलन यांच्यासारखे कलावंत व्यासपीठावर आले. स्वतः रंगविलेल्या खेळण्यांच्या स्पर्धा होत राहिल्या. सुमारे एक तप मेळावा शिस्तीत चालला. हे श्रेय मक्तेदाराचे आहे आणि ते त्याला दिलेच पाहिजे.

पण मक्त्याचे गणित आतून आपले काम करीत असते. परवान्याची रक्कम कोठून तरी काढावी लागते. ती निघाली मुख्यतः मेळाव्यापुरत्या काढलेल्या मर्यादित खेळण्यांतून. दरवर्षी जुन्या साच्यांतून नव्या रंगांचा एक संच निघे. तो मिळविण्यासाठी काही शे डॉलरांची विशेष नोंदणी करावी लागे. नुसत्या दिवसाच्या तिकिटावर आलेला माणूस दालन पाही, पण संच घेऊन जाण्याचा त्याला हक्क नसे. संग्राहकाला संच अपुरा राहिलेला सोसत नाही. हा त्याचा मनोधर्मच आहे. म्हणून जे आले नाहीत, ते पुढे बाजारात दामदुप्पट मोजून तो संच विकत घेत. जो मेळा भेटीगाठींसाठी निघाला, त्याचे वजन हळूहळू खोक्यावर आले. शिवाय अधिकृत मेळाव्यात बिनपरवाना कारागिरांच्या वस्तूंना मज्जाव असे. कंपनीच्या दृष्टीने हे बरोबरच होते. आपल्या मांडवात आपल्या नकला कोण मांडू देईल? पण त्या कारागिरांत शुद्ध नकल करणारे जसे होते, तसे मूळ खेळण्याला शोभेलसा एखादा सुटा भाग, एखादे शस्त्र निगुतीने करून देणारे हौशीही होते. मज्जावाने चोर आणि हौशी दोघेही एकाच दाराने बाहेर काढले.

२०१६ साली केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे मेळावा भरला आणि तो परवाना संपला. कंपनीने ठरविले की, आता आपणच मोठा उत्सव करावा. सप्टेंबर २०१७ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे हॅस्कॉन या नावाने तो झाला. कंपनीची सारीच खेळणी एका छपराखाली आली. थाटामाटाला तोटा नव्हता. परंतु पुढच्या वर्षी तो भरला नाही, आणि त्यानंतरही पुन्हा भरला नाही. ज्यांचा जुना मेळावा गेला होता, त्यांना नवाही टिकला नाही.

मग चाहते कोठे गेले? ते मुळात कोठे गेलेच नव्हते. कॅनडात टोरँटो येथे चाहत्यांनीच चालविलेला टीएफकॉन नावाचा एक बिनपरवाना मेळावा कित्येक वर्षे नांदत होता. त्याने अमेरिकेतील शहरांतही मांडव टाकले. तेथे कंपनीचे नवे खेळणे पडदा दूर सारून कोणी दाखवीत नाही. पण आवाजाचे कलावंत येतात, चित्रकार येतात, हौशी कारागीर आपला माल मांडतात आणि माणसे एकमेकांना भेटतात. २०२२ साली तर नॅशव्हिल येथे बॉटकॉन हे जुने नावही पुन्हा दिसले. मला या हकिकतीतून एवढेच ध्यानात आणून द्यावयाचे आहे की, मक्ता नावाचा देता आला, जमावाचा देता आला नाही. नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. आणि ज्यांच्या जोरावर त्या नावाला किंमत होती, ती माणसे आपल्या वाटेने चालत राहिली.

तरीही या माणसांचे नुकसान झाले नाही असे समजू नका. मोठ्या शहरातील, हाताशी पैसा असलेला चाहता दुसरा मेळावा शोधतो. लहान गावातील चाहत्याला तो पर्याय नसतो. त्याच्या गावात एकच सभागृह, एकच संग्रहालय. माझ्या भाच्याच्या मंडळाची टेबले त्या हिवाळ्यात उठली, ती एका वर्षापुरती उठली होती. पण एकदा खंड पडला की ज्या वृद्ध गृहस्थांकडे किल्ल्या असत त्यांचा उत्साह मावळतो, नवी मुले दुसरीकडे वळतात. त्या मंडळाचे पुन्हा जमणे फार अवघड झाले. असे नुकसान कोणी मोजीत नाही, कारण तेथे तिकीट नव्हते. आणि जेथे तिकीट नाही तेथे तोटाही नाही, अशी हिशेबनिसाची समजूत असते.

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण देतो, नाहीतर माझे बोलणे एकांगी ठरेल. लेगोच्या विटा आपल्यापैकी पुष्कळांच्या नातवंडांच्या घरी आहेत. अनवाणी पायाखाली आल्या म्हणजे त्यांची ओळख विशेष पटते. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली हा उद्योग काढला. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याचे नाव पडले. विटेची कल्पना मात्र त्याची स्वतःची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी आधी केलेल्या विटांवरून ती घेतली होती. तिच्यात पोटातील नळ्यांची सुधारणा करून २८ जानेवारी १९५८ रोजी एकस्वासाठी अर्ज झाला. एकस्वाची मुदत संपल्यावर दुसरेही तशा विटा करू लागले. तेव्हा कंपनीने विटेचा आकार हेच आमचे व्यापारचिन्ह आहे, असा दावा मांडून पाहिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० साली तो मानला नाही. जो आकार केवळ उपयोगासाठी आहे, त्याच्यावर व्यापारचिन्हाच्या मार्गाने कायमची मालकी सांगता येत नाही, असा त्या निर्णयांचा आशय आहे. म्हणजे वीट जगाची झाली, नाव कंपनीचे राहिले.

या निवाड्यांच्याही आधीपासून चाहत्यांना ही सीमारेषा उमगली होती. त्यांचे मेळावे पाहा. सिएटलचे ब्रिककॉन, शिकागोजवळचे ब्रिकवर्ल्ड, व्हर्जिनियाचे ब्रिकफेअर. नावात वीट आहे, कंपनी नाही. नेथन सवाया या न्यूयॉर्कच्या वकिलाने वकिली सोडून विटांची शिल्पे करावयास घेतली. त्याचे प्रदर्शन २००७ साली पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील कलासंग्रहालयात प्रथम भरले आणि मग खंडोखंडी फिरले. त्याच्याही नावात 'विटेची कला' एवढेच आहे. कंपनीने चाहत्यांसाठी लेखी नियम केले. आमचे नाव तुमच्या नावात घालू नका, आमचा पाठिंबा असल्याचा भास करू नका, मग खुशाल मेळे भरवा. नियम कडक आहेत. पण ते आधी सांगितलेले आहेत आणि सर्वांना सारखे आहेत.

या कंपनीचेही पाऊल एकदा चुकले. २०१५ साली चिनी कलावंत आय वेवे यांना मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी विटा हव्या होत्या. विचारस्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या माणसांची चित्रे त्यांना विटांतून करावयाची होती. कामाचा हेतू राजकीय आहे, असे कारण देऊन कंपनीने घाऊक विटा विकण्याचे नाकारले. बातमी पसरताच निरनिराळ्या देशांतील लोक आपल्या घरच्या विटा आणून देऊ लागले. त्या गोळा करण्यासाठी संग्रहालयांबाहेर मोटारी उभ्या राहिल्या आणि लोक छताच्या खिडकीतून त्यांत विटा टाकीत. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने धोरण बदलले. विटा कशासाठी हव्यात हे यापुढे विचारणार नाही. फक्त सार्वजनिक प्रदर्शनात आमचा पाठिंबा नाही हे स्पष्ट करा, एवढेच तिने मागितले. चूक झाली, लोकांनी दाखविली, सुधारली. मोठेपणाला बाधा आली नाही.

त्याच कंपनीच्या बिलुंड येथील भव्य वास्तूत, २०१७ साली ती उघडली तेव्हापासून, सर्वांत वरच्या बाजूचे एक दालन चाहत्यांनी रचलेल्या कृतींसाठी राखलेले आहे. तिच्या दुसऱ्या एका योजनेत चाहत्याने मांडलेल्या कल्पनेला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की, कंपनी तिचा विचार करते; संच बाजारात आलाच तर कल्पना देणाऱ्याला विक्रीच्या एक टक्का मिळतो. एक टक्का थोडा आहे असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, रक्कम थोडी असेल; पण 'तुझ्याजवळ काय आहे?' हा प्रश्न तरी विचारला गेला. माझ्या भाच्याला हवा होता तो एवढाच प्रश्न.

आता कोणी आक्षेप घेईल की, व्यापाऱ्याने भांडवल घालावे, नुकसानीचा धोका पत्करावा आणि चाहत्यांनी फुकट मांडव मागावा, हा कोठला न्याय? शिवाय नकली व कच्च्या मालामुळे मुलांना इजा झाली, तर बदनामी मूळ नावाची. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी परवाने रद्द करा असे म्हणत नाही. माझी मागणी फार माफक आहे. परवाना द्यावा तो नावाचा आणि देखाव्याचा. माणसांच्या एकत्र येण्याचा देऊ नये. करारातच लिहावे की, तिकीट न लावता आपला संग्रह दाखविणाऱ्या हौशी मंडळांना ही बंदी लागू नाही. प्रदर्शन ज्या गावी जाईल, त्या गावच्या मंडळाला दालनात एक कोपरा द्यावा. हे दान नव्हे. त्या कोपऱ्यापाशीच लोक सर्वांत जास्त वेळ थांबतील, आणि थांबलेला माणूस पुढे विकतही घेतो. मुदत संपताना नवा करार करण्यापूर्वी चाहत्यांना काय वाटते ते विचारावे. आणि जी संग्रहालये लोकांच्या पैशावर चालतात, त्यांनी तरी 'दुसरे काही मांडणार नाही' या कलमावर सही करताना दोनदा विचार करावा. संग्रहालयाचे दालन हे काही भाड्याचे गोदाम नव्हे.

चाहत्यांनाही एक शब्द. खोक्यावरचा आकडा आणि मर्यादित प्रतींचा शिक्का यांच्यामागे धावणारा चाहताच मक्तेदाराची थैली भरतो आणि मग मक्त्याच्या नावाने ओरडतो. बहिणीच्या पत्र्याच्या डब्यातील रंग उडालेल्या गोव्याच्या सैनिकांभोवती माणसे जमली, ती काही शिक्का पाहून जमली नाहीत.

शेवटी थोडे आपल्याविषयी. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या पाठोपाठ गावोगाव अशा माला निघाल्या. त्यांतलीच ही एक. येथे आपण रोज संध्याकाळी येता. सतरंज्या कोण घालते, वक्त्याला पाणी कोण देते, वर्गणीसाठी उन्हात कोण हिंडते, हे आपण जाणता. उद्या एखाद्या धनिकाने या मालेचे नाव विकत घेतले आणि हा मांडव दहापट सुंदर केला, पण आपल्यापैकी कोणाला प्रश्न विचारण्याची मुभा ठेवली नाही, तर खुर्च्या मऊ असतील, ध्वनिक्षेपक उत्तम असेल. आणि चार दिवसांनी आपण पुन्हा शाळेच्या एखाद्या ओट्यावर जमलेले असू. तो ओटा मोकळा राहावा, एवढ्यासाठीच मी खेळण्यांची ही गोष्ट सांगितली.

माझ्या भाच्याला मी या व्याख्यानाविषयी कळविले आहे. यंदाच्या दिवाळीत तो मुलांना घेऊन इकडे येणार आहे. अंगणात किल्ला करू म्हणतो, आणि मावळ्यांच्या रांगेत गोव्याचे दोन सैनिक उभे करू म्हणतो. मी त्याला सांगितले आहे, खुशाल कर. आणि पाहावयास येईल त्या प्रत्येकाला विचार, तुझ्याजवळ काय आहे?